विश्लेषण : आपल्याच रुग्णालयातले मृत्यू मोजणाऱ्या फ्लोरेन्स नाइटिंगेल नेमके काय करून गेल्या?

दरवर्षी १२ मे रोजी, जागतिक परिचारिका दिनाला, एकच चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते : हातात दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांच्या खाटांजवळून जाणारी तरुणी. चित्र खोटे नाही. पण फ्लोरेन्स नाइटिंगेल ९० वर्षे जगल्या आणि त्यातली युद्धकाळातली वर्षे दोनही भरत नाहीत. उरलेले बहुतेक आयुष्य त्यांनी लंडनमध्ये, अनेकदा अंथरुणातूनच, अहवाल आणि तक्ते तयार करण्यात घालवले. रुग्णालय कसे चालवावे आणि ते नीट चालले आहे हे कशावरून ओळखावे, हा त्यांचा खरा विषय होता. या विषयाकडे त्या वळल्या त्यामागे एक कटू आकडा होता. ज्या रुग्णालयाने त्यांना जगप्रसिद्ध केले, तिथे त्यांच्या पहिल्याच हिवाळ्यात चार हजारांहून अधिक सैनिक दगावले होते.

युद्धाआधी त्या काय करत होत्या?

जन्म १८२० चा, इटलीतल्या फ्लोरेन्स शहरात, नाव त्यावरूनच. घर श्रीमंत इंग्रजांचे. त्या काळात नर्सचे काम हलके समजले जाई, त्यामुळे घरच्यांचा विरोध अनेक वर्षे टिकला. १८५१ मध्ये जर्मनीतल्या कैसरवर्थ येथे त्यांनी काही महिने प्रशिक्षण घेतले आणि ऑगस्ट १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील एका छोट्या रुग्णालयाच्या अधीक्षक झाल्या.

तिथल्या त्यांच्या मागण्या एखाद्या इंजिनीअरच्या यादीसारख्या वाटतात. प्रत्येक मजल्यावर नळाने गरम पाणी हवे. स्वयंपाकघरातून जेवण वर चढवायला लिफ्ट हवी. घंटा वाजली की कोणत्या रुग्णाने बोलावले ते नर्सला बाहेरच दिसले पाहिजे. कारण साधे होते : जिने चढण्या-उतरण्यात आणि पाणी वाहण्यात गेलेला नर्सचा वेळ रुग्णाच्या वाट्याचा असतो.

स्कुतारीत नेमकी अडचण काय होती?

१८५४ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स तुर्कस्तानच्या बाजूने रशियाविरुद्ध क्रिमियाच्या युद्धात उतरले. जखमी आणि आजारी ब्रिटिश सैनिकांना जहाजाने काळा समुद्र ओलांडून इस्तंबूलसमोरच्या स्कुतारी (आजचे उस्कुदार) येथे आणले जाई. तिथल्या हालअपेष्टांच्या बातम्या ‘द टाइम्स’मध्ये छापून आल्या आणि लंडनमध्ये संताप उसळला. मंत्री सिडनी हर्बर्ट यांच्या विनंतीवरून नाइटिंगेल ३८ नर्स घेऊन निघाल्या आणि ४ नोव्हेंबर १८५४ रोजी पोहोचल्या.

रुग्णालय म्हणजे एक अवाढव्य तुर्की बराक होती. वस्तूंचा तुटवडा होताच, पण त्याहून मोठा घोळ अधिकारांचा होता. औषधोपचार एका खात्याकडे, साठा दुसऱ्याकडे, इमारत तिसऱ्याकडे. सैनिकाने कपडे आपल्या पिशवीतून आणायचे, असा नियम होता. पण पिशव्या वरिष्ठांच्याच आदेशाने रणांगणात टाकून यावे लागलेले, त्यामुळे स्टोअरमधून शर्ट मिळेना. इंग्लंडहून शर्टांचा मोठा साठा आला, तर समितीची मंजुरी नाही म्हणून तो उघडायला नकार. सामान आहे, माणसे आहेत, पण निर्णय घ्यायला कोणी नाही! सरकारी कार्यालयात एका सहीसाठी तीन खिडक्या फिरलेल्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल.

नाइटिंगेल यांच्याकडे दोन गोष्टी होत्या : वृत्तपत्राच्या वाचकांनी जमवलेला निधी आणि मंत्र्यांशी थेट पत्रव्यवहार. सुरुवातीला डॉक्टरांनी नर्सना वॉर्डात घेतले नाही, तेव्हा त्यांनी भांडण काढले नाही. डॉक्टर बोलावतील तेव्हाच जायचे, असे नर्सना बजावून त्या थांबल्या. काही दिवसांतच जखमींची लाट आली आणि बोलावणे आलेच. मग त्यांनी बाजारातून शर्ट, भांडी, ब्रश खरेदी केले, एक घर भाड्याने घेऊन बॉयलर बसवले आणि सैनिकांच्या बायकांना धुलाईच्या कामावर ठेवले. पडझड झालेले वॉर्ड दुरुस्त करायला स्थानिक कामगार लावले आणि सुमारे ८०० रुग्णांची जागा तयार केली.

तरीही मृत्यू वाढतच गेले.

मृत्यू कशामुळे घटले?

फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचे प्रमाण ४२ टक्क्यांच्या पुढे होते. बहुतेकांना गोळीने नव्हे, तर टायफस, विषमज्वर, कॉलरा आणि आमांशाने मारले. वॉर्ड झाडलेले होते, अंथरुणे बदलली जात होती. पण इमारतीखालची गटारे तुंबलेली होती आणि पिण्याच्या पाण्याच्या वाटेत मेलेला घोडा सडत होता.

मार्चमध्ये लंडनहून स्वच्छता आयोग आला. त्यात डॉ. जॉन सदरलँड होते आणि रॉबर्ट रॉलिन्सन नावाचे सिव्हिल इंजिनीअर होते. आयोगाकडे केवळ शिफारस करण्याचे नव्हे, तर काम करून घेण्याचे अधिकार होते. गटारे साफ झाली, पाण्याचा मार्ग मोकळा झाला, खिडक्यांतून हवा खेळू लागली, कचऱ्याच्या शेकडो गाड्या बाहेर गेल्या. जूनपर्यंत प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास आले.

युद्ध संपवून ऑगस्ट १८५६ मध्ये नाइटिंगेल गाजावाजा टाळून घरी परतल्या. त्या वेळी त्यांचा समज असा होता की, सैनिक मेले ते उपासमार, थंडी आणि अतिश्रमामुळे. म्हणजे दोष आघाडीवरचा. पुढच्या काही महिन्यांत सांख्यिकीतज्ज्ञ विल्यम फार यांच्यासोबत आकडे मांडताना वेगळे चित्र दिसले. आघाडीजवळच्या साध्या रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण स्कुतारीपेक्षा कमी होते. फरक इमारतीचा होता. याच शोधाने त्या १८५७ मध्ये कोलमडल्या, असे काही इतिहासकार मानतात. इतर काहींच्या मते क्रिमियातल्या तापाचे दुखणे उलटले. कारण काहीही असो, लक्षात ठेवण्याजोगे वेगळेच आहे. लोक त्यांना देवदूत मानत असताना त्यांनी हे आकडे सरकारी आयोगापुढे नेले आणि १८५८ मध्ये त्यांचे प्रसिद्ध वर्तुळाकार आलेख छापले. प्रत्येक महिन्याची एक पाकळी : निळा भाग टाळता येण्याजोग्या आजारांचा, लाल जखमांचा. आज आपण ज्याला डॅशबोर्ड म्हणतो, त्याची ही पणजी. त्याच वर्षी त्या लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या पहिल्या महिला सदस्य झाल्या.

‘९० टक्के मृत्यूं’चा वाद काय होता?

प्रत्येक रुग्णालय आपापल्या पद्धतीने नोंदी ठेवत असे, त्यामुळे तुलना अशक्य होती. १८६० मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेत त्यांनी सर्वांसाठी एकच नमुना सुचवला. काही रुग्णालयांनी तो वापरून पाहिला, पण खर्च आणि किचकटपणामुळे तो मागे पडला.

मग १८६३ मध्ये रुग्णालयांवरील आपल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत त्यांनी फार यांचा तक्ता छापला : लंडनच्या २४ रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक! वैद्यकीय नियतकालिकांत गदारोळ झाला.

गोम भागाकारात होती. समजा, १०० खाटांच्या रुग्णालयात वर्षभरात १,००० रुग्ण येऊन गेले आणि ९० दगावले. आलेल्या रुग्णांशी भागले तर प्रमाण ९ टक्के. एखाद्या दिवशी खाटांवर असलेल्या १०० जणांशी भागले तर ९० टक्के. फार यांनी दुसरी रीत वापरली होती. टीकाकारांचे म्हणणे रास्त होते, आणि त्यांचा दुसरा मुद्दाही बिनतोड होता : शहरातल्या मोठ्या रुग्णालयात गंभीर रुग्ण येतात, गावातल्यात हलके, नुसते प्रमाण शेजारी ठेवून कोण चांगले ते ठरत नाही. रुग्णालयांच्या क्रमवारीचा हा पेच आजही सुटलेला नाही. या फेरीत नाइटिंगेल हरल्या, असेच म्हणावे लागेल. मात्र मृत्यूचे आकडे जाहीर करावेत का, हा प्रश्न त्यानंतर रुग्णालयांना टाळता आला नाही.

स्वतःचाच वॉर्ड का बंद केला?

जनतेने दिलेल्या नाइटिंगेल निधीतून १८६० मध्ये सेंट थॉमस रुग्णालयात नर्सिंग शाळा सुरू झाली. तिची चर्चा नेहमी होते. त्याच निधीतून किंग्ज कॉलेज रुग्णालयात सुईणींच्या प्रशिक्षणासाठी चालवलेला प्रसूती वॉर्ड मात्र विस्मरणात गेला. तिथे बाळंतपणाच्या तापाने माता दगावू लागल्या आणि १८६७ मध्ये वॉर्ड बंद करण्यात आला.

नाइटिंगेल तिथे थांबल्या नाहीत. ठिकठिकाणचे आकडे जमवून त्यांनी १८७१ मध्ये पुस्तक काढले. निष्कर्ष त्यांच्याच संस्थेविरुद्ध जाणारा होता : त्या काळी प्रसूतिगृहापेक्षा घरीच बाळंतपण अधिक सुरक्षित होते. निधी गोळा झालेला, नाव दारावर लागलेले आणि तरी आपला विभाग का फसला हे छापून मोकळे होणारे व्यवस्थापन आजही विरळाच.

भारताशी आणि पुण्याशी संबंध काय?

त्या भारतात कधीच आल्या नाहीत. पण १८५९ मध्ये नेमलेल्या, भारतातील लष्कराच्या आरोग्यविषयक शाही आयोगासाठी त्यांनी छावण्या-छावण्यांना प्रश्नावल्या पाठवल्या आणि आलेली उत्तरे घरी बसून चाळली. १८६३ च्या अहवालानुसार ब्रिटिश सैनिकांचा मृत्युदर वर्षाला हजारी ६९ होता. दहा वर्षांनी तो १८ वर आल्याचे त्यांनी मांडले.

पुढे त्यांचे लक्ष छावणीच्या कुंपणाबाहेर गेले. आजूबाजूच्या गावात रोगराई असताना छावणी निरोगी राहू शकत नाही, हे एक कारण; दुष्काळ आणि शेतकऱ्यांची कर्जे हे दुसरे. पुणे सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि गावच्या स्वच्छतेचा प्रश्न त्यात होता. मुंबईचे समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या चरित्राला त्यांनी १८९२ मध्ये प्रस्तावना लिहिली. गावातून वसूल होणाऱ्या स्थानिक करातून आधी गावच्या किमान स्वच्छतेचा खर्च भागवावा, असा आग्रह त्या याच सुमारास लंडनमधील भारतमंत्र्यांकडे धरत होत्या. पैसा कुठून येणार ते ठरल्याशिवाय सुधारणेचा कागद निरर्थक, हे त्यांना स्कुतारीपासून ठाऊक होते.

त्यांचे सगळेच बरोबर ठरले असे नाही. रोगजंतूंचा सिद्धांत स्वीकारायला त्यांनी बराच वेळ घेतला. नर्सची परीक्षा घेऊन सरकारी नोंदणी करण्यालाही त्यांचा ठाम विरोध होता. चांगली नर्स नोंदवहीतून ओळखता येत नाही, असे त्यांचे मत. १९०७ मध्ये ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या, तोवर त्यांची दृष्टी गेली होती. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. ब्रिटनमध्ये परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा त्यानंतर नऊ वर्षांनी, १९१९ मध्ये झाला.