खांद्याचा हिशेब ठेवणारा शल्यविशारद

पन्नाशीच्या आसपास एका सकाळी केस विंचरताना हात डोक्यापर्यंत पोहोचेनासा होतो, सदऱ्याची बाही चढवताना कळ निघते आणि डॉक्टर 'फ्रोझन शोल्डर' असे निदान करतात. शहरी घरांतून आता सर्रास ऐकू येणारे हे नाव वैद्यकाला दिले बॉस्टनच्या डॉ. अर्नेस्ट एमरी कॉडमन यांनी, १९३४ साली. या व्याधीची व्याख्या करणे, तिचे कारण सांगणे आणि तिच्यावर उपचार करणे या तिन्ही गोष्टी आपल्याला अवघड वाटतात, अशी कबुलीही त्यांनी त्याच ग्रंथात देऊन ठेवली. शल्यविशारदाने आपल्या मर्यादांची अशी छापील नोंद करावी, हे त्या काळात रूढ नव्हते. कॉडमन यांनी मात्र आयुष्यभर तेच केले आणि त्याची जबर किंमत मोजली.

कॉडमन यांचा जन्म ३० डिसेंबर १८६९ रोजी बॉस्टनमधील एका प्रतिष्ठित कुटुंबात झाला. हार्वर्डमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेत असताना पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेचे प्रणेते ठरलेले हार्वे कुशिंग हे त्यांचे सहाध्यायी होते. रुग्णाला ईथर देण्याचे काम तेव्हा विद्यार्थ्यांकडेच असे आणि त्यात रुग्ण दगावतही. या दोघा मित्रांनी ईथर कोण अधिक चांगले देतो याची पैज लावली आणि तिचा निकाल लावण्यासाठी शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाची नाडी कागदावर टिपून ठेवण्यास प्रारंभ केला. भूल दिलेल्या रुग्णाच्या नोंदपत्रकाची ती सुरुवात होय. पैजेपेक्षा तो कागद महत्त्वाचा ठरला. कॉडमन यांना नोंदींचा छंद जडला तो तेव्हापासून.

१८९५ मध्ये पदवी मिळाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस क्ष-किरणांचा शोध लागला. नव्या तंत्राचा अभ्यास करणाऱ्या बॉस्टनमधील पहिल्या काही डॉक्टरांत कॉडमन होते. पुढे मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये शल्यविशारद म्हणून काम करताना त्यांचे लक्ष खांद्याकडे वळले. दुखरा, आखडलेला खांदा म्हणजे संधिवात, असे म्हणून त्याची बोळवण करण्याची तेव्हा रीत होती.

खांदा हा मोठा विलक्षण सांधा आहे. त्याचा पाया असलेले खांद्याचे पाते, म्हणजे अंसफलक, हे त्रिकोणी, चपटे हाड पाठीवर साधारण दुसऱ्या ते सातव्या बरगडीच्या टप्प्यात असते. पण बरगड्यांशी त्याचा हाडाने हाडाला जोडलेला सांधा नाही. धडाच्या सांगाड्याशी त्याचा अस्थिसंबंध काय तो गळपट्टीच्या हाडातून. बाकी सारा भार स्नायूंवर. ट्रॅपिझियस, ऱ्हॉम्बॉइड, लेव्हेटर स्कॅप्युली आणि बरगड्यांवरून येणारा सेरेटस अँटिरिअर हे स्नायू जहाजाच्या डोलकाठीच्या दोरांप्रमाणे पात्याला चहूबाजूंनी ताणून धरतात. पात्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर एक उथळ खोबण आहे आणि तिच्यावर दंडाच्या हाडाचा वाटोळा गोळा टेकलेला असतो. तो घसरू नये म्हणून पात्यापासूनच निघालेले चार स्नायू आपल्या कंडरांचे आवरण त्याच्याभोवती घालतात. त्यांपैकी सुप्रास्पायनेटस या स्नायूची कंडरा पात्याच्या पुढे आलेल्या टोकाखालून, अगदी चिंचोळ्या जागेतून जाते. तिच्यावर बर्सा नावाची पातळ, बुळबुळीत पिशवी असते.

दुखण्याचे मूळ या पिशवीत असावे, असे कॉडमन यांना प्रथम वाटले आणि १९०६ च्या सुमारास त्यांनी तसे लिहिलेही. पण रुग्णांची पाठराखण करता करता त्यांना पिशवीखालची कंडरा फाटलेली आढळू लागली. १९०९ मध्ये त्यांनी अशी कंडरा शस्त्रक्रियेने शिवली आणि १९११ मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. हात वर जात नाही म्हणून कामाला मुकलेल्या मजुराच्या तक्रारीला त्यामुळे शरीरशास्त्राचा आधार मिळाला.

ही पाठराखण हाच कॉडमन यांचा खरा ध्यास होता. प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड असावे. त्यावर तक्रार, निदान, उपचार लिहावेत आणि वर्षभराने रुग्णाला पुन्हा तपासून तो बरा झाला की नाही, नसेल तर चूक कोणाची, हे त्याच कार्डावर नोंदवावे, एवढीच त्यांची मागणी. रुग्णालयांना ती मानवली नाही. तेव्हा १९११ मध्ये त्यांनी बॉस्टनमध्येच स्वतःचे बारा खाटांचे रुग्णालय काढले. १९१६ पर्यंत तेथून ३३७ रुग्ण घरी गेले. कॉडमन यांनी त्यांच्या उपचारांतील १२३ चुका मोजल्या आणि त्या छापून देशभरातील रुग्णालयांकडे धाडल्या. कौशल्यात कमी पडलो की निदान चुकले, याचेही वर्गीकरण त्यांत होते.

केवळ ज्येष्ठतेवर शल्यविशारदांना बढती देण्याच्या पद्धतीचा निषेध म्हणून १९१४ मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरलचा राजीनामा दिला. जानेवारी १९१५ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांच्या सभेत त्यांनी एक भले मोठे व्यंगचित्र उलगडले. वाळूत डोके खुपसलेला शहामृग म्हणजे शहरातील धनिक. तो सोन्याची अंडी घालतो आहे आणि नामवंत डॉक्टरांची त्यांवर चंगळ चालली आहे, असा त्याचा आशय. चित्र बोचरे होते, काहीसे असभ्यही. आणि कॉडमन यांना मुत्सद्दीपणा ठाऊक नव्हता हेही खरेच. सभेत गदारोळ झाला. वैद्यक संघटनेतील पद गेले, हार्वर्डमधील अध्यापनही सुटले. रुग्ण पाठवणारे सहकारी पाठ फिरवू लागले.

डिसेंबर १९१७ मध्ये कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात प्रचंड स्फोट झाला तेव्हा कॉडमन मदतीला धावून गेले. नंतर महायुद्धात लष्करी सेवाही केली. हाडांच्या कर्करोगाच्या रुग्णांची नोंदवही त्यांनी १९२० च्या सुमारास सुरू केली. येथेही ध्यास तोच, नोंद ठेवण्याचा.

खांद्यावरचा ग्रंथ त्यांनी १९३४ मध्ये, वयाच्या पासष्टीच्या उंबरठ्यावर, पदरचे पैसे घालून छापला. शरीरशास्त्राच्या या ग्रंथाला त्यांनी प्रदीर्घ आत्मकथनपर प्रस्तावना जोडली आहे. एका उपेक्षित माणसाला ते अगत्याचे वाटले असावे. हात वर जातो तेव्हा केवळ सांधा फिरत नाही, पातेही बरगड्यांवरून सरकते आणि वळते, या जोडीच्या हालचालीला त्यांनी लय म्हटले. ट्रॅपिझियस आणि सेरेटस मिळून पाते वर वळवतात. पूर्ण वर गेलेल्या हाताच्या १८० अंशांपैकी सुमारे एक तृतीयांश वाटा पात्याचा असतो, हे पुढे १९४४ मध्ये इतर संशोधकांनी मोजून दाखवले. कंडरा फाटली की ही लय बिघडते आणि रुग्णाच्या पाठीमागे उभे राहिल्यास ते डोळ्यांना दिसते. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे एक कोडे तर कोणालाही करून पाहता येईल. हात मांडीलगत, तळवा मांडीकडे ठेवून उभे राहावे. हात सरळ पुढे खांद्याच्या उंचीपर्यंत न्यावा, तेथून आडवाच बाजूला न्यावा आणि खाली आणावा. हात मुद्दाम पिळलेला नसतानाही तळवा आता समोर वळलेला दिसतो! कमरेत वाकून, हात लोंबता सोडून लंबकासारखा झुलवण्याचा जो व्यायाम फिजिओथेरपिस्ट सांगतात, तोही कॉडमन यांचाच.

२३ नोव्हेंबर १९४० रोजी त्यांचे निधन झाले. अखेरच्या वर्षांत पैशाची चणचण होती. आपल्यासाठी स्मृतिशिलेचा खर्च करू नये, अशी त्यांची इच्छा होती. त्यामुळे केंब्रिजच्या माउंट ऑबर्न दफनभूमीत, पत्नीच्या माहेरच्या जागेत, त्यांच्या अस्थी नावाच्या दगडाविना राहिल्या. अमेरिकेतील शल्यविशारदांच्या संघटनांनी आणि वैद्यकीय संस्थांनी २०१४ मध्ये तेथे शिला बसवली.