मायकेल फॅरडे : पुस्तकबांधणीच्या दुकानांतील उमेदवार

यंदा आमच्या शाळेंतील वरच्या इयत्तांच्या मुलांनीं खोलीची उष्णता मोजणारीं लहान विद्युत्-यंत्रें स्वतः जोडलीं आणि तीं चालविणाऱ्या आज्ञावलीही संगणकावर स्वतःच लिहिल्या. तारा, बॅटऱ्या व बारीक दिवे यांच्या पसाऱ्यांत मुलांचे तासचे तास गेले. तें पाहून कांहीं पालकांच्या मनांत अशी शंका आली कीं, अभ्यासाच्या वेळीं हा खेळ कशासाठीं? तिला वादानें उत्तर देण्यापेक्षां एका लोहाराच्या मुलाचें चरित्र सांगणें आम्हांस अधिक बरें वाटतें.

मायकेल फॅरडे याचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडनच्या दक्षिणेस न्यूइंग्टन येथें झाला. बाप जेम्स लोहारकाम करी; पण त्याची प्रकृति वारंवार बिघडे, आणि काम बंद पडलें कीं चूलही मंदावे. १८०१ साली धान्य अतिशय महाग झालें, तेव्हां मायकेलच्या वाट्यास आठवड्याला एक पाव येई. तोच त्यानें सात दिवस पुरवावयाचा! शाळेंत तो लिहिणें, वाचणें व साधा हिशेब एवढेंच शिकला. १८०४ साली जॉर्ज रीबो नांवाच्या पुस्तकविक्याकडे तो निरोप्या म्हणून राहिला. त्या काळीं वर्तमानपत्रें महाग असल्यामुळें तीं भाड्यानें देत. सकाळीं तीं घरोघर पोंचवावयाचीं आणि वाचून झालीं कीं परत गोळा करावयाचीं, हें मायकेलचें काम. त्याची चोख चाकरी पाहून रीबोनें पुढच्याच वर्षीं त्याला फी न घेतां सात वर्षांच्या उमेदवारीवर पुस्तकबांधणी शिकविण्यास घेतलें.

बांधावयास आलेलीं पुस्तकें हा उमेदवार वाचून काढी. ब्रिटानिका ज्ञानकोशांतील विद्युतेवरील लेख असाच त्याच्या हातीं पडला. श्रीमती मार्सेट यांचें रसायनशास्त्रावरील संवादरूप पुस्तकही त्यानें वाचलें. वाचणारीं मुलें तेव्हांही पुष्कळ होतीं. मायकेलचा विशेष असा कीं, छापलें आहे म्हणून तें खरें मानण्यास तो तयार नसे. पुस्तकांतलें विधान आपल्या हातांनीं पडताळून पाहिल्यावांचून तें आपलें ज्ञान झालें असें त्याला वाटत नसे. पैसे तर आठवड्याला कांहीं पेनीच खर्चण्यासारखे होते. त्यानें एका जुन्या चिंध्यांच्या दुकानांतून कांचेच्या दोन बरण्या विकत घेतल्या आणि घर्षणानें वीज उत्पन्न करणारें एक ओबडधोबड यंत्र उभें केलें.

१८१२ च्या जुलै महिन्यांत त्यानें जो घट केला त्याची कृति आमच्या विद्यार्थ्यांनीं लक्ष देऊन वाचावी. जस्ताच्या पत्र्यांतून त्यानें अर्ध्या पेनीच्या नाण्याएवढ्या सात चकत्या कापल्या. प्रत्येक चकतीवर तांब्याचें एक नाणें ठेविलें आणि अशा जोड्यांच्या मध्यें मिठाच्या पाण्यांत भिजविलेले कागद घातले. एवढ्याच रचनेंतून विद्युत्प्रवाह निघाला आणि त्या प्रवाहानें मॅग्नेशियम सल्फेटचें पृथक्करण झालें. हा घट व्होल्टानें शोधून बारा वर्षें झालीं होतीं. म्हणजे नवें असें त्यांत कांहीं नव्हतें. तरी आपल्या मित्रास तें वृत्त कळवितांना मायकेलला झालेला आनंद एखाद्या नव्या शोधाच्या आनंदाहून उणा नव्हता.

येथें थोरल्या भावाविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत. टाटम नांवाचे गृहस्थ संध्याकाळीं आपल्या घरीं पदार्थविज्ञानावर व्याख्यानें देत. प्रत्येकाची फी एक शिलिंग असे. उमेदवाराजवळ शिलिंग कोठून येणार? बापामागें लोहारकाम करणाऱ्या रॉबर्टनें तो आपल्या कमाईंतून दिला. फॅरडेच्या चरित्रांत रॉबर्टचें नांव क्वचितच येतें; पण ऐरणीवर घाम गाळून मिळविलेले ते शिलिंग आम्हांस मोठमोठ्या देणग्यांहून मोलाचे वाटतात.

पुढें रीबोच्या एका गिऱ्हाइकानें मायकेलला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील सर हम्फ्रे डेव्ही यांच्या चार व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. मायकेलनें प्रत्येक व्याख्यानाचीं सविस्तर टिपणें घेतलीं, त्यांत आकृत्या काढल्या, आणि जी विद्या हातीं होती तिचा उपयोग करून त्यांचें सुबक पुस्तक बांधलें. उमेदवारी संपून तो दुसऱ्या एका मालकाकडे मजुरीवर राहिला होता. परंतु त्या धंद्यांत त्याचें मन उरलें नव्हतें. विज्ञानाचें कसलेंही काम मिळावें म्हणून त्यानें रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांस पत्र लिहिलें होतें. त्याचें उत्तरही आलें नाहीं. डिसेंबर १८१२ मध्यें त्यानें तें बांधलेलें पुस्तक डेव्हीकडे पाठविलें. डेव्हीनें भेट दिली, पण आपला धंदा सोडूं नये असाच सल्ला दिला. पुढें प्रयोगशाळेंतील मदतनिसास भांडणामुळें काढून टाकावें लागलें, तेव्हां डेव्हीला हा तरुण आठवला. १ मार्च १८१३ रोजीं आठवड्याला २५ शिलिंग पगार आणि माडीवरील दोन खोल्या, एवढ्यावर फॅरडेची नेमणूक झाली. लगेच डेव्हीबरोबर त्यानें युरोपचा दीर्घ प्रवास केला. त्यांत व्होल्टाचें दर्शन घडलें आणि डेव्हीच्या पत्नीकडून नोकरासारखी वागणूकही सोसावी लागली.

१८२१ साली विद्युत्प्रवाह वाहणारी तार लोहचुंबकाभोंवतीं सतत फिरत राहील अशी योजना त्यानें सिद्ध केली. विजेच्या मोटारीचें मूळ तेथें आहे. चुंबकत्व विजेपासून मिळतें, तर वीज चुंबकापासून कां मिळूं नये, हा प्रश्न त्याला कित्येक वर्षें छळीत होता. २९ ऑगस्ट १८३१ रोजीं त्यानें लोखंडाच्या एका कड्यावर, मध्यें सुती कापड व दोरा घालून, तांब्याच्या तारेचीं वेटोळीं दोन बाजूंस वेगवेगळीं गुंडाळलीं. एका बाजूची तार बॅटरीस जोडतांच दुसऱ्या बाजूजवळील चुंबकसूची हलली, आणि पुन्हां जागेवर आली. बॅटरी तोडली, तेव्हां ती पुन्हां हलली. प्रवाह चालू असतांना मात्र ती स्वस्थ! दुसऱ्या कोणास हा उपकरणाचाच दोष वाटला असता. फॅरडेनें त्या क्षणिक हालचालींतच उत्तर ओळखलें : वीज उत्पन्न होते ती चुंबकशक्तीच्या बदलामुळें. १७ ऑक्टोबर रोजीं वेटोळ्यांत चुंबक खुपसून व बाहेर ओढून त्यानें तेंच दाखविलें. खोपोलीच्या वा कोयनेच्या वीजघरांतील अवाढव्य यंत्रें आजही याच तत्त्वावर फिरतात.

त्याला उच्च गणित अवगत नव्हतें. चुंबकाभोंवतींच्या रेषा तो मनश्चक्षूंनीं पाही. त्यांना गणिताचें रूप पुढें मॅक्सवेलनें दिलें. उलट, प्रयोगांची रोजनिशी ठेवण्यांत त्याच्या तोडीचे थोडेच सांपडतील. तिच्या क्रमांक घातलेल्या परिच्छेदांची संख्या १६,००० च्या वर आहे, आणि फसलेले प्रयोगही तींत तितक्याच निष्ठेनें नोंदलेले आहेत. १८३३ साली त्याला असें आढळलें कीं, धातु तापल्या असतां विजेस अधिक अडवितात, पण सिल्व्हर सल्फाइड तापल्यावर ती अधिक सुलभतेनें वाहूं देतें. अर्धवाहकांचा हा गुण प्रथम त्याच्या नजरेस आला. आमच्या मुलांच्या यंत्रांतील उष्णता ओळखणारा इवलासा मणि उलगडतो तो हाच गुण. आणि शेजारच्या कपॅसिटरवर जें माप छापलेलें असतें, तें फॅरॅड हें एकक याच लोहाराच्या मुलाच्या नांवाचें आहे.

आज्ञावलीचा धागाही त्याच्यापर्यंत पोंचतो. बॅबेजच्या नियोजित गणनयंत्राकडून बर्नूली-संख्या कशा काढवाव्या याची पायरीवार कृति १८४३ साली प्रसिद्ध करणारी एडा लव्हलेस हिनें पुढल्या वर्षीं फॅरडेकडे शिष्या होण्याची इच्छा प्रकट केली. तिला विजेचे प्रयोग शिकावयाचे होते. त्याची प्रकृति खालावली होती, म्हणून त्यानें नम्रपणें नकार दिला. ही गुरुशिष्यांची जोडी जमली असती तर काय निपजलें असतें, असा विचार आमच्या मनांत पुष्कळदां येतो.

मुलांसाठीं मात्र तो नाताळच्या सुटींत व्याख्यानें देत राहिला. १८२७ ते १८६० या काळांत त्यानें अशा १९ माला गुंफल्या. त्यांतील मेणबत्तीवरील व्याख्यानें अद्याप वाचलीं जातात. रॉयल सोसायटीचें अध्यक्षपद देऊं केलें असतां त्यानें तें घेतलें नाहीं. २५ ऑगस्ट १८६७ रोजीं त्याचा अंत झाला. डेव्हीच्या व्याख्यानांचें त्यानें बांधलेलें पुस्तक आणि सुती कापडांत गुंडाळलेलें तें लोखंडी कडें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें आजही जपून ठेविलेलें आहे.