चित्रकार आबालाल रहिमान

कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत शिकले. पुढें शाहू छत्रपतींनीं त्यांस दरबारी चित्रकार नेमिलें. पण त्यांचें मन कोटितीर्थाच्या तळ्याकांठींच रमे. तेथील एकच देखावा पहाटे निराळा, सांजवेळीं निराळा. तो ते कधीं जलरंगांत, कधीं तैलरंगांत, तर कधीं रंगीत खडूनें रेखाटीत. खडूची भुकटी खरबरीत कागदासच नीट धरते. म्हणून साधनाबरोबर कागदही पारखावा लागे. सन १९२२ मध्यें महाराज निवर्तले. त्या दुःखांत आबालालांनीं आपलीं पुष्कळ चित्रें तळ्यांत बुडविलीं, असें सांगतात. सन १९३१ मध्यें ते वारले. बालमित्रांनो, त्यांस एक तळें जन्मभर पुरलें. आपल्या आर्णीस अरुणावतीचा कांठ आहे. तो डोळे भरून पाहावा.