पायातल्या शिरा आणि डॉ. ट्रेंडेलेनबर्ग

एसटीचे वाहक, शिक्षक, न्हावी, वाहतूक पोलीस. दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या अशा अनेकांच्या पोटऱ्यांवर निळसर, वेटोळी घातलेल्या शिरा दिसतात. संध्याकाळ झाली की पाय जड होतो, घोट्याशी सूज येते. दुखणे जुने झाले की कातडी काळवंडते आणि साधी जखमही महिनोन्‌महिने भरत नाही. या व्हेरिकोज व्हेन्स. सर्जन रुग्णाला आडवे करून पाय वर उचलतो, शिरा रिकाम्या झाल्या की मांडीच्या वरच्या भागात शीर दाबून धरतो आणि रुग्णाला उभे करतो. दाब काढताच वरून खाली रक्त झरकन भरले, तर शिरेच्या झडपा निकामी झाल्या आहेत असे समजायचे. हीच ट्रेंडेलेनबर्ग चाचणी. खरे तर इंग्लंडचे बेंजामिन ब्रोडी यांनी तिचे वर्णन आधीच करून ठेवले होते, पण नाव चिकटले ते जर्मन डॉक्टरांचे.

फ्रीडरिश ट्रेंडेलेनबर्ग यांचा जन्म २४ मे १८४४ रोजी बर्लिनमध्ये झाला. वडील तत्त्वज्ञानाचे नामांकित प्राध्यापक. मुलाने ग्लासगो आणि एडिंबरा येथे वैद्यकाची सुरुवात केली आणि बर्लिनला परतून १८६६ मध्ये पदवी घेतली. त्यांच्या प्रबंधाचा विषय मराठी वाचकाला चकित करील. तो होता प्राचीन भारतीयांची शल्यविद्या, आणि तोही लॅटिन भाषेत लिहिलेला. ज्या सुश्रुतसंहितेत शिरावेधाला स्वतंत्र अध्याय आहे, त्या परंपरेवर लिहून या माणसाने डॉक्टरकीची सुरुवात केली आणि पुढे शिरांवरच नाव कमावले. योगायोगच म्हणायचा.

पुढे ते बर्लिनला लांगेनबेक या मोठ्या सर्जनचे सहायक झाले. तोंडाच्या शस्त्रक्रियेत रक्त श्वासनलिकेत उतरून रुग्ण गुदमरत. त्यावर त्यांनी गळ्याला छिद्र पाडून आत घालायची, फुगणारी पिशवी लावलेली नळी काढली. पुढे रोस्टोक, बॉन आणि १८९५ पासून लाइपझिग अशा तीन विद्यापीठांत ते प्राध्यापक होते. ओटीपोटाच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णाचे डोके खाली आणि पाय वर ठेवण्याची त्यांची पद्धत आज जगभरच्या ऑपरेशन थिएटरमध्ये त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

शिरांचे काम बॉनमधले. माणूस उभा राहिला की पायातल्या रक्ताला हृदयाकडे वर चढावे लागते. पोटरीचे स्नायू ते ढकलतात आणि शिरेतल्या झडपा ते मागे घसरू देत नाहीत. झडपा बिघडल्या की रक्त कातडीखालच्या शिरेतून खाली उतरते, जोडशिरांवाटे खोलवरच्या शिरेत जाते, वर चढते आणि पुन्हा खाली घसरते. पायातल्या पायात चालणारे हे वेगळेच चक्र ट्रेंडेलेनबर्ग यांनी ओळखले. ते तोडण्यासाठी त्यांनी मांडीवर लहानसा छेद घेऊन मुख्य शिरेला गाठ मारून ती कापायला सुरुवात केली आणि १८९०च्या सुमारास आपला अनुभव प्रसिद्ध केला. जखमा भरू लागल्या. पण काहींच्या शिरा पुन्हा फुगल्या. गाठ मांडीच्या मध्यावर होती, तिच्या वरच्या फांद्या तशाच राहत. पुढच्या सर्जनांनी ती जांघेपर्यंत वर नेली.

सुईचा मार्ग तेव्हा नव्हता असे नाही. लियाँच्या प्राव्हाझ यांनी १८५३ मध्ये चांदीची पिचकारी करून जनावरांच्या धमन्यांत लोहक्षार सोडला होता. इतरांनी तसलेच क्षार माणसांच्या शिरांत टोचले, पण जंतुसंसर्ग आणि रक्ताच्या गुठळ्या यांमुळे हा उपचार बदनाम झाला. स्क्लेरोथेरपीचे दिवस पालटले ते विसाव्या शतकात, सौम्य औषधे आल्यावर. पोलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट शिरेच्या आतल्या अस्तराला इजा करते, भिंती एकमेकींना चिकटतात आणि शीर दोरीसारखी होऊन हळूहळू विरते. मोठ्या शिरेत पातळ औषध रक्तात मिसळून फिके पडते. म्हणून दोन सिरिंजमध्ये ते हवेबरोबर मागेपुढे ढकलून फेस करतात. हा फेस रक्ताला बाजूला सारतो आणि भिंतीला टेकून राहतो. सुई कुठे आहे हे सोनोग्राफीवर दिसते. नंतर दाबाचे मोजे घालायचे आणि लगेच चालू लागायचे. खोलवरच्या शिरा मोकळ्या आहेत ना, हे डॉक्टर आधी डॉप्लरने पाहतात. रुग्णाने ही तपासणी टाळू नये.

कारण खोल शिरेत गुठळी झाली आणि ती सुटली, तर थेट फुप्फुसाच्या धमनीत जाऊन बसते. चांगली पार पडलेल्या शस्त्रक्रियेनंतर, घरी जायच्या बेतात असलेला रुग्ण अचानक दगावतो. उतारवयात ट्रेंडेलेनबर्ग याच मृत्यूच्या मागे लागले. आधी वासरांवर प्रयोग करून १९०८ मध्ये त्यांनी छाती उघडून, धमनीला छेद देऊन, चिमट्याने गुठळी ओढून काढण्याची शस्त्रक्रिया मांडली. हृदय-फुप्फुस यंत्र तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हते, सारे मिनिटभरात उरकावे लागे. एखादा रुग्ण काही तास जगला, पण वाचला एकही नाही. १९११ मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हाही ती पाटी कोरीच होती.

मार्च १९२४ मध्ये क्योनिग्सबर्ग येथे मार्टिन किर्शनर या सर्जनने हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर कोसळलेल्या एका स्त्रीवर ट्रेंडेलेनबर्ग यांचीच पद्धत वापरली. ती वाचली आणि पूर्ण बरी झाली. शस्त्रक्रियेचे जनक तेव्हा ऐंशीचे होत आले होते. त्याच वर्षी १५ डिसेंबरला त्यांचे निधन झाले.