नोंदवहीबाहेरचा विक्रमवीर : ग्लेन कर्टिस

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील हॅमंड्सपोर्ट या लहानशा गावी २१ मे १८७८ रोजी ग्लेन हॅमंड कर्टिस यांचा जन्म झाला. वडील लवकर वारले. शिक्षण आठवीपर्यंतच झाले. तारा पोहोचवणारा पोऱ्या, सायकल-शर्यतपटू, सायकलींचा दुकानदार अशा पायऱ्या चढत १९०२ साली ते स्वतः मोटारसायकली बनवू लागले. आरंभीच्या एंजिनाचे कार्ब्युरेटर त्यांनी टोमॅटो सूपच्या रिकाम्या डब्यातून तयार केले होते.

विमानासाठी बनवलेले आठ सिलिंडरांचे एंजिन त्यांनी एकदा मोटारसायकलीच्या सांगाड्यावर चढवले. २४ जानेवारी १९०७ रोजी फ्लोरिडातील ऑर्मंडच्या पुळणीवर त्यांनी एक मैल अंतर २६.४ सेकंदांत तोडले. हा वेग ताशी १३६.३६ मैल, म्हणजे सुमारे २१९ किलोमीटर झाला. या वेगाने गोंदियाहून निघालेला माणूस दहा मिनिटांच्या आत तिरोड्यास पोहोचेल!

परंतु हा विक्रम अधिकृत ठरला नाही. ते यंत्र शर्यतीच्या कोणत्याच वर्गात बसत नव्हते. शिवाय परतीच्या धावेत एंजिनाची शक्ती चाकाकडे नेणारा सांधा तुटला व सांगाडा वाकला. कर्टिस बचावले, पण दुसरी धाव अपुरी राहिली. वाऱ्याचा फायदा कोणास मिळू नये म्हणून दोन्ही दिशांच्या धावांची सरासरी घेण्याचा नियम पुढे रूढ झाला. त्या कसोटीसही ही धाव उतरत नाही. १९२० साली जीन वॉकर यांचा अधिकृत विक्रम नोंदला गेला, तो ताशी सुमारे १०४ मैलांचा!

नियतीचा खेळ पाहा. ४ जुलै १९०८ रोजी कर्टिस यांनी 'जून बग' हे विमान परीक्षकांसमक्ष एक किलोमीटरहून अधिक उडवून चषक जिंकला. राइट बंधू १९०३ सालीच उडाले होते. पण त्यांच्याजवळ साक्षीदार मोजकेच होते. मोटारसायकलीवर ज्या नोंदीने कर्टिस यांना दूर ठेवले, तिनेच आकाशात त्यांना मान दिला.

दोघांत पेटंटचा दीर्घ खटला चालला. १९१४ साली निकाल राइट यांच्या बाजूने लागला. त्याच वर्षी कर्टिस यांनी लँग्ले यांचे १९०३ सालचे अयशस्वी विमान फेरफार करून उडवले आणि स्मिथसोनियन संस्थेने उड्डाणक्षम असे पहिले विमान म्हणून त्याचा गौरव केला. ते फेरफार संस्थेने १९४२ साली जाहीरपणे मान्य केले. स्वतःच्या पराक्रमाची नोंद हुकलेल्या माणसाने दुसऱ्याच्या नोंदीवर सावली पाडण्यास हातभार लावावा, हा त्यांच्या चरित्रातील डाग होय.

२३ जुलै १९३० रोजी कर्टिस निवर्तले. त्यानंतर अवघ्या सहा आठवड्यांच्या आत, ३१ ऑगस्टला, जो राइट या इंग्रज स्वाराने फ्रान्समध्ये ताशी १३७ मैलांचा पल्ला गाठला. तेवीस वर्षे कोणत्याही मोटारसायकलस्वारास न गाठता आलेला वेग तेव्हा मागे पडला.

विद्यार्थी मित्रहो, बिरसीच्या धावपट्टीवरून विमान उडताना दिसले, तर या आठवी शिकलेल्या कारागिराची आठवण करावी. नियम कडक असावेत. नाहीतर जो तो विक्रमवीर म्हणवेल. पण नोंद झाली नाही म्हणून केलेले कर्तृत्व पुसले जात नाही, आणि म्हणूनच दुसऱ्याचे कर्तृत्वही पुसू नये.