गाद्या वाहून खोलीचा आवाज मोजणारा वॉलेस सबीन

नवीन साउंडबार किंवा एव्ही रिसिव्हर जोडला की सेटअपमध्ये एक गंमत असते. छोटा माइक सोफ्यावर ठेवायचा, सगळ्यांनी गप्प बसायचं, आणि मग प्रत्येक स्पीकरमधून खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत सरकत जाणारा शिट्टीसारखा आवाज येतो. ऑडिसी, डिरॅक, यामाहाचं वायपीएओ, सोनोसचं ट्रूप्ले, नावं वेगळी पण काम साधारण तेच: खोली आवाजाचं काय करते ते मोजायचं आणि त्याप्रमाणे स्पीकर जुळवून घ्यायचे. यालाच रूम करेक्शन म्हणतात. यावर मला नेहमी येणारा प्रश्न म्हणजे, कॅलिब्रेशन करूनही डायलॉग नीट का कळत नाहीत? उत्तर द्यायचं तर मला एका माणसाची गोष्ट सांगावी लागते. खोलीचा आवाज आकड्यांत पकडून दाखवणारा पहिला माणूस तोच.

वॉलेस क्लेमेंट सबीनचा जन्म 1868 सालचा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या रिचवूड गावचा. पोरगा हुशार. अठराव्या वर्षी पदवी घेऊन मोकळा झाला, पुढे हार्वर्डला गेला, भौतिकशास्त्र शिकला आणि तिथेच शिकवायला लागला. पीएचडी त्यानं कधीच केली नाही. ध्वनी हा तर त्याचा विषयही नव्हता. 1895 साली हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी या सत्तावीस वर्षांच्या प्राध्यापकावर एक नकोसं काम ढकललं.

झालं असं होतं की हार्वर्डनं फॉग आर्ट म्युझियमची नवीकोरी इमारत बांधली होती आणि तिच्या व्याख्यानगृहात कुणाचं बोलणं कळतच नव्हतं. तिथे उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राहायचा. म्हणजे पहिला शब्द विरेपर्यंत वक्ता पुढचे डझनभर शब्द बोलून झालेला असायचा, आणि सगळ्यांची खिचडी श्रोत्यांच्या कानात. त्या काळी यावर ठोस उपाय असा नव्हताच. कोणी भिंतींमध्ये तारा ताणायचा, कोणी सभागृहाची लांबी-रुंदी ठरावीक प्रमाणात ठेवा म्हणायचा. सगळा अंदाजपंचे कारभार.

सबीननं काय केलं? त्यानं मोजायला घेतलं. हार्वर्डचंच सँडर्स थिएटर जवळ होतं, फॉगपेक्षा बरंच मोठं, तरीही तिथलं बोलणं छान ऐकू यायचं. मग फरक कशात? सँडर्सच्या बाकांवर गाद्या होत्या. सबीन आणि त्याचे मदतनीस रात्री त्या गाद्या उचलून फॉगमध्ये आणायचे. ऑर्गनची एक नळी वाजवायची, 512 हर्ट्झचा सूर, मग हवा बंद करायची आणि आवाज पूर्ण विरेपर्यंतचा वेळ मोजायचा. मग आणखी गाद्या आणायच्या, पुन्हा मोजायचं. दिवसा ट्राम आणि रस्त्यावरची वर्दळ, म्हणून हे सगळं मध्यरात्रीनंतर. उजाडायच्या आत गाद्या परत जागेवर, कारण सकाळी सँडर्समध्ये लोक बसणार!

माइक नव्हता, अॅम्प्लिफायर नव्हता. मोजमापाचं यंत्र म्हणजे सबीनचे कान आणि वेळ टिपणारं उपकरण. तरी त्याची शिस्त बघा. एका टप्प्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण अंगात कुठले कपडे घातले आहेत त्यानंसुद्धा आकडे बदलतात, कारण जाड कोट आवाज पितो. त्यानं आधीची हजारो निरीक्षणं सरळ टाकून दिली आणि त्यानंतर प्रत्येक प्रयोगाला तेच ठरलेले कपडे घातले. (कॅलिब्रेशन चालू असताना मोबाइल घेऊन खोलीभर फिरणाऱ्यांनी इथे क्षणभर थांबावं.)

गाद्या भरत गेला तसा फॉगमधला घुमारा साडेपाच सेकंदांवरून उतरत एका सेकंदाच्या आसपास आला. आकडे होते, पण नियम सापडत नव्हता. दोन वर्षं झाली तशी एलियटचा धीर सुटला, आता पुरे, खोली दुरुस्त कर, असा तगादा सुरू झाला. सबीननं भिंतींना आवाज शोषणारं जाड फेल्ट लावून घेतलं आणि खोली वापरण्याजोगी झाली.

खरी परीक्षा पुढेच होती. 1898 मध्ये बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राचे संस्थापक हेन्री हिगिन्सन नवीन सभागृह बांधायला निघाले. आराखडा मॅकिम, मीड अँड व्हाइट या नामांकित वास्तुविशारदांचा. एलियटनी सबीनचं नाव सुचवलं. सबीन आधी कचरला. एक बिघडलेली खोली सुधारणं वेगळं आणि न बांधलेल्या सभागृहाचा आवाज आधीच सांगणं वेगळं. चुकलं तर बॉस्टनभर नाचक्की, आणि इमारत काही परत पाडता येत नाही. तो जुन्या वह्या घेऊन बसला. असं सांगतात की एका संध्याकाळी कागदांच्या पसाऱ्यातून मान वर काढून त्यानं आईला सांगितलं, हा तर हायपरबोला आहे. म्हणजे काय? गाद्यांचं शोषण आणि खोलीचं स्वतःचं शोषण यांची बेरीज घ्या, तिला घुमण्याच्या वेळेनं गुणा, उत्तर दर वेळी जवळपास तेच. एक वाढलं की दुसरं त्याच प्रमाणात घटतं. त्यानं जबाबदारी घेतली.

सूत्र इतकं सोपं आहे की फोनच्या कॅल्क्युलेटरवर होतं. खोलीचं आकारमान घनमीटरमध्ये, गुणिले 0.161, भागिले एकूण शोषण. शोषण कशात मोजायचं? सबीनची युक्ती इथे मला फार आवडते: उघड्या खिडकीत. खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे शोषणाचं एक एकक. तुमची 12 बाय 10 ची, 10 फूट उंचीची खोली घ्या, साधारण 34 घनमीटर. नुसत्या प्लास्टरच्या भिंती आणि टाइल्स असतील आणि सगळं मिळून शोषण दोन एककं धरलं, तर आवाज पावणेतीन सेकंद घुमेल. आता गादी, जाड पडदे, सतरंजी, सोफा आणून शोषण दहावर न्या. वेळ अर्ध्या सेकंदाच्या जवळ येतो. स्पीकर तोच, सिनेमा तोच.

सिम्फनी हॉल 15 ऑक्टोबर 1900 रोजी उघडला. लाइपझिगच्या गेवांडहाउस सभागृहाचा नमुना समोर होता, पण ते सगळ्या बाजूंनी सारखं फुगवलं तर घुमारा जास्त होईल हे सबीनला गणितातून दिसलं होतं, म्हणून मापं बदलली. सुरुवातीला काही समीक्षकांनी नाकं मुरडली. श्रोते किती आवाज शोषतात याचा सबीनचा अंदाजही थोडा कमी पडला होता, त्यामुळे भरलेल्या सभागृहात घुमारा गणितापेक्षा कमी निघाला. पण आज जगातल्या उत्तम संगीत सभागृहांची यादी केली तर हा हॉल अगदी वर असतो.

आता आपल्या माइककडे येऊ. सबीननं आणखी एक गोष्ट पाहिली होती: एकच सूर खोलीत जागोजागी कमी-जास्त ऐकू येतो. म्हणूनच आजची सॉफ्टवेअर माइक सहा-आठ ठिकाणी ठेवायला लावतात. त्यातून स्पीकरचं अंतर कळतं (आवाजाला एक मीटरला सुमारे 3 मिलिसेकंद लागतात), पातळी कळते, आणि कुठला सूर फुगतोय तेही. 12 फुटांच्या भिंतींमध्ये 47 हर्ट्झच्या आसपास बास घुमतो. सॉफ्टवेअर तेवढाच सूर दाबतं आणि फरक लगेच जाणवतो. पण ते स्पीकरला पाठवलेला सिग्नल बदलतं, भिंती बदलत नाही. टाइल्सवरून उसळणाऱ्या डायलॉगचा घुमारा कुठल्याही अॅपला पुसता येत नाही. आणि ज्या जागी बास एकमेकांना मारून नाहीसा होतो तिथे आवाज कितीही वाढवा, हाती काही लागत नाही. तिथे सोफा किंवा सबवूफर सरकवावा लागतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: महागडं करेक्शन असलेल्या मॉडेलसाठी जास्तीचे पैसे मोजण्याआधी पडदे आणि सतरंजी घ्या, आणि सगळं जागेवर लागल्यावरच कॅलिब्रेशन चालवा. पंखा बंद करून.

सबीनला यापुढे फार आयुष्य मिळालं नाही. पहिल्या महायुद्धात तो युरोपात आणि मग अमेरिकेत विमानांच्या कामात गुंतला. मूत्रपिंडाचं दुखणं होतं, ते त्यानं अंगावर काढलं, शस्त्रक्रिया पुढे ढकलत राहिला. 10 जानेवारी 1919 ला तो गेला, वय अवघं पन्नास. इलिनॉयमधल्या जिनिव्हा गावी जॉर्ज फेबियन नावाच्या धनिकानं खास त्याच्यासाठी ध्वनीची प्रयोगशाळा उभारली होती. तिथे काम सुरू करणं सबीनच्या नशिबी नव्हतं. ती त्याचा नातेवाईक पॉल सबीन यानं चालवली. रिव्हरबँक नावाची ही प्रयोगशाळा अजून चालू आहे. आजही तिथे पॅनेल, पडदे, खुर्च्या एका घुमणाऱ्या खोलीत ठेवून ते किती आवाज पितात हे मोजतात, आणि त्या मोजमापाच्या एककाचं नाव आहे सबिन.