कोबी-मोहरीची भावकी शोधणारे डॉ. वू जांग-चुन

हडपसर : कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा, मोहरी. हडपसर-मांजरीच्या बाजारात हा माल रोजचाच. पण गड्डा धरणारा कोबी आणि फोडणीत तडतडणारी मोहरी एकाच भावकीतली आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? ही भावकी नेमकी कशी जुळली, याचा हिशेब गुणसूत्रं मोजून ज्यांनी मांडला ते शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. वू जांग-चुन. जगभरच्या शोधनिबंधांत त्यांचं नाव नागाहारू ऊ असं येतं. १० ऑगस्ट हा त्यांचा स्मृतिदिन. कोरियात त्यांचं नाव शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. आपण मात्र त्यांच्या अभ्यासावर उभी राहिलेली पिकं घेतो, पण माणूस ओळखत नाही.

बापाचा डाग, आईचे कष्ट

वू यांचा जन्म एप्रिल १८९८ मध्ये जपानच्या टोकियोत झाला. वडील कोरियन, आई जपानी. वडील वू बोम-सोन हे कोरियाच्या सैन्यात अधिकारी होते. १८९५ साली कोरियाच्या राणीची राजवाड्यात हत्या झाली. त्या कटात त्यांचं नाव आलं आणि ते जपानला पळून आले. पुढं १९०३ साली कुरे शहरात एका कोरियन माणसानं त्यांचा खून करून बदला घेतला.

तेव्हा पोरगं अवघं पाच वर्षांचं. आईच्या हाताला काम नाही, घरात दाणा नाही. काही काळ मुलाला टोकियोतल्या एका बौद्ध मंदिरात, अनाथ मुलांसोबत ठेवावं लागलं. जपानी पोरं त्याला कोरियन म्हणून चिडवायची, आणि कोरियन माणसांच्या लेखी तो गद्दाराचा मुलगा. दोन्हीकडून मार. आईनं पै-पै जोडून त्याला परत घरी आणलं आणि शिकवलं.

१९१६ ला ते टोकियोच्या शाही विद्यापीठात शेतीच्या शिक्षणाला लागले. पण तो पदवीचा नव्हे, प्रत्यक्ष शेतीकामाचा अभ्यासक्रम होता. १९१९ ला तो संपवून ते सरकारी कृषी संशोधन केंद्रात नोकरीला लागले. पदवी नाही आणि आडनाव कोरियन, त्यामुळं बढती वर्षानुवर्षं रखडली. लग्नाच्या वेळीही कोरियन जावई नको म्हणून मुलीकडच्यांनी विरोध केला. पुढं एका जपानी घराण्यात दत्तक जाऊन त्यांनी कागदोपत्री सुनागा हे आडनाव घेतलं. पण शोधनिबंधावर सही करताना बापाचं आडनाव त्यांनी कधी सोडलं नाही.

आगीत गेलेला अभ्यास

सुरुवातीला त्यांनी फुलझाडांवर काम केलं. दुहेरी पाकळ्यांचं पेटुनिया तयार करण्यातलं त्यांचं काम पुढं जपानी बियाणं कंपनीला फार उपयोगी पडलं. मॉर्निंग ग्लोरीच्या फुलांवर त्यांनी मोठा प्रबंध लिहिला होता. तो छापून येण्याआधीच आगीत जळाला. वर्षांची मेहनत राख झाली. दुसरा कुणी असता तर हात टेकले असते. ते मोहरी-कोबीकडं वळले.

दहा आणि आठ, अठरा

आता मुद्द्याची गोष्ट. प्रत्येक झाडाच्या पेशीत गुणसूत्रं असतात, ती जोडीनं असतात. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, ब्रोकोली ही सगळी एकाच जातीची पिकं, त्यांच्यात ९ जोड्या. सलगम, चिनी कोबी यांच्या जातीत १० जोड्या. काळ्या मोहरीत ८ जोड्या. ही झाली तीन मूळ घराणी.

मग आपल्या देशात जी राई-मोहरी मोठ्या प्रमाणावर पेरली जाते तिच्यात किती? १८ जोड्या. म्हणजे १० अधिक ८. तेलासाठी घेतल्या जाणाऱ्या गोभी सरसोंमध्ये १९, म्हणजे १० अधिक ९. आणि आफ्रिकेतल्या इथिओपियाच्या मोहरीत १७, म्हणजे ८ अधिक ९. दोन घराण्यांचा संकर होऊन, दोघांचीही सगळी गुणसूत्रं घेऊन तिसरं पीक जन्माला आलं होतं. कुठल्या शास्त्रज्ञानं नव्हे, निसर्गानंच केलेला हा संकर.

गुणसूत्रं मोजण्याचं काम आधीही काही जपानी शास्त्रज्ञांनी केलं होतं. वू यांनी पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी सलगमाच्या जातीचा आणि कोबीच्या जातीचा हातानं संकर करून १९ जोड्यांचं पीक स्वतः तयार करून दाखवलं. हा संकर सहजासहजी होत नाही. बी अगदी मोजकंच भरतं, त्यामुळं फुलामागून फुलाचं परागीकरण करत बसावं लागतं. १९३५ साली हा निबंध छापून आला. तीन कोपऱ्यांवर तीन मूळ जाती आणि मधल्या तीन बाजूंवर त्यांची तीन अपत्यं, असं त्यांनी मांडलेलं चित्र आज जगभर ऊ यांचा त्रिकोण म्हणून शिकवलं जातं. या कामाबद्दल १९३६ ला त्यांना डॉक्टरेट मिळाली, तीही पदवी नसलेल्या माणसाला.

१९३७ ला सरकारी नोकरी सोडून ते क्योटोच्या ताकी बियाणं कंपनीच्या संशोधन शेतावर प्रमुख म्हणून गेले.

बियाण्यासाठी देश बदलला

१९४५ ला जपान हरला, कोरिया मोकळा झाला. पण तिथं बियाण्याची बोंब झाली. कोबी आणि मुळ्याचं बी जपानहून यायचं, ते थांबलं. कोरियन माणसाचं जेवण किमचीशिवाय होत नाही आणि किमची होते चिनी कोबी नि मुळ्याची. बी नाही म्हणजे ताटच रिकामं. मग तिथल्या लोकांनी वू यांना बोलावण्यासाठी मोहीम काढली.

मार्च १९५० मध्ये ते बुसानला उतरले. बायको आणि सहा मुलं जपानातच राहिली. घरच्यांच्या खर्चासाठी मिळालेल्या पैशातूनही त्यांनी बियाणं, पुस्तकं आणि साहित्य आणलं, असं सांगतात. जूनमध्ये कोरियन युद्ध पेटलं. बुसान तेवढं वाचलं, आणि तिथंच त्यांचं काम चालू राहिलं. कोरियन बोलायला नीट येत नव्हतं, पण रबरी बूट घालून दिवसभर रानात. लोक त्यांना रबरी बुटांचे डॉक्टर म्हणू लागले. काही वर्षांतच कोबी-मुळ्याचं बी देशातच तयार व्हायला लागलं. रोगमुक्त बटाटा बेणं आणि जेजू बेटावरची संत्री यांवरही त्यांनी काम केलं.

१९५३ मध्ये जपानात आई वारली. अंत्यविधीला जायची परवानगी सरकारनं दिली नाही. ज्या आईनं मंदिरातून परत आणून शिकवलं, तिचं शेवटचं दर्शनही झालं नाही. सांत्वनासाठी लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी संशोधन केंद्रावर विहीर खोदली. पाण्याची तिथं टंचाईच होती. विहिरीला आईच्या दुधाची आठवण देणारं नाव दिलं.

बिनबियांचं कलिंगड त्यांनी शोधलं असं कोरियात बरीच वर्षं समजलं जायचं. खरं तर तो शोध जपानी शास्त्रज्ञ हितोशी किहारा यांचा. सुधारित बियाण्यावर शेतकऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून वू यांनी ते पिकवून दाखवलं होतं.

आजच्या रोपाशी नातं

डॉ. वू यांनी त्रिकोण मांडला तेव्हा डीएनएची रचनाही कळली नव्हती. ती कळली १९५३ ला. आता शास्त्रज्ञ डीएनए मार्कर वापरतात. मार्कर म्हणजे हद्दीचा दगड समजा. दगड दिसला की रान कुणाचं ते कळतं. तसा मार्कर दिसला की शेजारचा गुण, म्हणजे घाण्या रोगाला दाद न देणं किंवा मुळांवर गाठी न येणं, रोपात असण्याची शक्यता मोठी. रोपाच्या पानाचा तुकडा तपासला की झालं, गड्डा धरेपर्यंत थांबायला नको. संकरित बियाण्यात भेसळ आहे का, तेही असंच तपासता येतं. २०११ ला चिनी कोबीचा आणि २०१४ ला कोबी व गोभी सरसोंचा जनुकीय आराखडा जाहीर झाला. भिंगाखाली गुणसूत्रं मोजून मांडलेला हिशेब डीएनएनंही खरा ठरवला.

भावकी कळल्याचा फायदा असा, की एका जातीत नसलेला रोगप्रतिकार दुसऱ्या जातीतून आणता येतो. मोहरीचा गुण कोबीत आणणं अवघड असलं तरी वाट कुठून जाते हे त्या त्रिकोणावरून कळतं.

१० ऑगस्ट १९५९ ला पोटाच्या अल्सरनं सोलमध्ये त्यांचं निधन झालं. वय ६१. शेवटच्या दिवसांत, अंथरुणावर असतानाच कोरिया सरकारनं त्यांना संस्कृती पदक दिलं. ज्या बापाला देशानं गद्दार म्हटलं, त्याच्या मुलाला त्याच देशानं मानानं निरोप दिला. सुवन इथं त्यांची समाधी आहे. बुसानच्या डोंगने भागात त्यांचं स्मारक आहे, आणि आईच्या नावानं खोदलेली ती विहीरही तिथं जपून ठेवली आहे.